मतपेटीच्या दोन कड्या

"त्याला सांग, तो माझ्या उजेडात उभा आहे," कॉलमन म्हणाला.

"फेस्टस, तू त्याच्या उजेडात उभा आहेस," डेलिया म्हणाली.

"त्याला म्हणावं, उजेड काय त्याच्या पक्षानं आणलाय?"

"आणलाच," कॉलमनने कागदावरून नजर न उचलता सांगितले. "इनिशदारा बेटावर वीज कुणी नेली ते विचार त्याला."

डेलियाने विचारले नाही. दोन भावांमध्ये हातभर अंतर होते आणि त्या हातभर जागेत ती उभी होती. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानावर स्वच्छ पडत असे, तरी ते तिच्या तोंडून पुन्हा एकदा आल्याशिवाय पोचले असे धरले जात नसे. बत्तीस वर्षांत हा रिवाज लावेल घराण्यात इतका मुरला होता की लग्नांत, मयतांत, नाताळच्या जेवणात कुणाला त्याचे नवल उरले नव्हते. घरातल्या मुलांना तर वाटे, आत्या म्हणजे अशीच असते, दोन खुर्च्यांच्या मधली.

आज मात्र सगळा जिल्हा बघत होता. जिल्ह्याच्या गावातल्या क्रीडागृहात बास्केटबॉलच्या जाळ्या वर छताला ओढून घेतल्या होत्या आणि त्यांच्या खाली लांबच लांब टेबले मांडली होती. टेबलांपलीकडे शाळामास्तर आणि कचेरीतले कारकून युरोपच्या संसदेची मते मोजत होते. टेबलांअलीकडे लोखंडी कठडा होता, आणि त्या कठड्याला पोट टेकून पश्चिम किनाऱ्याचे सगळे राजकारण उभे होते. शनिवारी पेट्या उघडल्या तेव्हापासून ते तसेच उभे होते, अंडे-कांद्याचे सँडविच खात आणि पेन्सिलीने रेघा ओढत.

ह्या रेघा ओढणाऱ्यांना टॅलीवाले म्हणतात. कारकून कागद उलगडतो तेवढ्या क्षणात कठड्यावरून वाकून, उलटा कागद सुलटा वाचून, कुणाला काय पडले ते टिपायचे. सरकारचा निकाल यायच्या कितीतरी आधी कुठल्या गावाने दगा दिला, कुठल्या वाडीने शब्द पाळला, हे त्यांच्या पुठ्ठ्यावर उमटलेले असे. कॉलमन लावेल पक्षाचा मुख्य टॅलीवाला होता. बापाने त्याला ही विद्या दिली, तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. उलटे आकडे तो सुलट्यांच्या आधी शिकला. ह्या वर्षी यंत्रे येणार होती. बटण दाबायचे आणि निकाल घ्यायचा. ऐन वेळी कुणाचा तरी भरवसा उडाला आणि यंत्रे कुठल्याशा गोदामात झाकून ठेवली गेली. पण पुढच्या खेपेला ती येतील असे सगळेच म्हणत, आणि म्हणून कॉलमनने लग्नाकार्याचा निळा सूट घातला होता. आपल्याच पिढीला निरोप द्यायला आल्यासारखा तो दिसत होता.

फेस्टस धाकटा. तो बेटावरून आलेला, अंगात बायकोने विणलेला स्वेटर, हातांना डिझेल आणि मिठाचा वास. आयुष्यात तो कधी कठड्याशी उभा राहिला नव्हता. आज राहिला होता, कारण त्याची मुलगी निवडणुकीला उभी होती.

फिडेल्मा लावेल, अपक्ष. पक्षाच्या घरातली पहिली अपक्ष.

"आत्या, चहा आहे का तुझ्याकडे?" ती मागून आली. हातात उंच टाचांचे बूट, पायांत कुणाच्या तरी सपाता. "आणि मला खरं सांगू नकोस. फक्त चहा दे."

डेलियाने थर्मासचे झाकण फिरवले. "खरं मला कुठं माहीत असतं? मी आपली पोचवते."

"काका, तुम्ही सांगा मग."

कॉलमनने चष्मा कपाळावर सरकवला. पुतणीशी बोलायला त्याला मधे कुणी लागत नसे. अबोला भावाशी होता, भावाच्या मुलीशी नव्हता. "फुटबॉलवाला उमेदवार बाद झालाय. त्याची मतं वाटतायत. वाटून झाली की तळाशी तू तरी असशील, नाहीतर आमचा टियर्नी. जो तळाशी तो घरी. जो उरेल तो शेवटच्या जागेसाठी लढेल."

"आणि तुमच्या पुठ्ठ्यावर तळाशी कोण आहे?"

"माझ्या पुठ्ठ्यावर तुम्ही दोघं एकाच उशीवर डोकं ठेवून निजलाय."

"टियर्नीबरोबर? माझ्या नवऱ्याला सांगू नका."

फेस्टस हसला, मग आपण कुणाच्या बोलण्यावर हसलो हे ध्यानात येऊन त्याने खोकल्याचे निमित्त केले. डेलियाने ते पाहिले. अशी हसण्याची चोरटी आयात तिने वर्षानुवर्षे पाहिली होती आणि कुणापाशी तिची वाच्यता केली नव्हती.

"काका, तुम्ही मला कितवं दिलंत?" फिडेल्माने सहज विचारावे तसे विचारले.

"मतपत्रिका गुप्त असते, मुली."

"बेटावर कधी होती?"

ते खरेच होते. इनिशदाराची पेटी शनिवारी उघडली तेव्हा सगळा कठडा त्या टेबलापाशी गोळा झाला होता. एवढ्याशा बेटावर गुप्त ते काय राहणार. कागदांमागून कागद फिडेल्माच्या नावापुढे एक घालून आले, आणि एकच कागद टियर्नीचा निघाला. मग फेस्टस म्हणाला होता, "तो मायली. टियर्नीनं त्याला कुत्रा दिला होता." आणि पक्षाच्या लोकांसकट सगळे हसले होते.

मतांचे हे वाटप डेलियाला फार जवळचे वाटे. लोक नावांपुढे आकडे घालतात, एक, दोन, तीन, आवडीच्या क्रमाने. पहिला बाद झाला की ते मत दुसऱ्याच्या दारी जाते, दुसरा गेला तर तिसऱ्याच्या. बेटावर एखादे घर बंद झाले की असेच होई. गाय एका चुलतभावाकडे जाई, होडी दुसऱ्याकडे, आणि चुलीवरची किटली त्याच्याकडे, ज्याला म्हातारी शेवटी शेवटी नावाने हाक मारी. कुणाचेच काही वाया जात नसे. माणूस नाहीसा होई आणि त्याची माया किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे सरके.

तिच्या आणि फेस्टसच्या घरांमध्ये पूर्वी कितीतरी घरे होती. ती रिकामी होत गेली, छपरे बसली, आणि एके दिवशी दोन टोकांची घरे एकमेकांची शेजारी झाली. मग तीही बेट सोडून धक्क्यावर आली आणि दुकान घालून बसली. कॉलमन गावात, फेस्टस बेटावर, आणि ती मधे, जिथे जमीन संपते आणि पाणी सुरू होते तिथे. बरोबरच होते ते.

फिडेल्माला रेडिओवाल्यांनी बाहेर बोलावले. सपाता तिथेच टाकून, बुटांत पाय कोंबत ती गेली.

"त्याला सांग," फेस्टस हळू म्हणाला, "पोरीशी नीट बोलला त्याबद्दल—"

"त्याबद्दल काय?"

"काही नाही. राहू दे."

असे राहू दिलेले निरोप डेलियापाशी पुष्कळ होते. पोचवलेल्यांपेक्षा तेच जास्त.

*

बहात्तर सालच्या मे महिन्यात देशाने कौल दिला की आपण युरोपात जायचे. कॉलमन तेव्हा पक्षाचा उगवता माणूस. त्याने दारोदार जाऊन सांगितले होते: गवताला भाव येईल, दुधाला भाव येईल, रस्ता होईल, धक्का होईल. फेस्टसही दारोदार गेला होता, उलट्या बाजूने: आपल्या दारचे मासे स्पेनच्या जहाजांत जातील आणि आपण काठावर उभे राहून हात हलवू. दोघे एकाच घरात एकामागून एक जात आणि दोन्ही वेळा चहा घेत.

त्या वसंतातच त्यांचा बाप गेला होता. कौल लागला त्याच्या पुढच्या रविवारी, चर्चच्या फाटकात, सगळ्या बेटादेखत फेस्टस म्हणाला, "बापाची माती ओली आहे, कॉलमन, आणि तू त्याचा समुद्र गवताच्या भावानं देऊन टाकलास."

कॉलमनने टोपी घातली. "समुद्राला बाप नसतो," तो म्हणाला. "पोरं मात्र असतात, आणि ती सगळी बोस्टनला जातायत."

बस्स, एवढेच. शिव्या नाहीत, हात उगारणे नाही. डेलियाला कधी कधी वाटे, त्या दिवशी त्यांनी एकमेकांचे दात पाडले असते तर बरे झाले असते. दात बसवता येतात. दोघांचेही बोलणे खरे होते हेच वाईट झाले. रस्ता झाला, धक्का झाला, त्याच्या टोकाला युरोपच्या पैशाची निळी पाटी आणि तिच्यावर ताऱ्यांचे कडे. आणि मासेही गेले. साल्मन तर असा गेला की त्याचे नाव आता फक्त हॉटेलच्या पाटीवर उरले. फेस्टस रोज त्या युरोपच्या धक्क्याला होडी बांधी आणि रोज पाटीकडे पाठ करून बांधी.

आणि मग एकोणऐंशी साल. युरोपच्या संसदेला आपण आपली माणसे पाठवायची, अशी पहिलीच निवडणूक. जून महिना, आणि धुके असे उतरले की बेटावरून गायसुद्धा दिसेना. मतदान झाले, पेटीला लाख लागली, मतदान घेणारी मास्तरीण आणि पोलीस दोघेही पेटीवर हात ठेवून बसले, आणि होडी घालायला कुणी तयार होईना. फेस्टसने घातली. ज्या युरोपाला तो नावे ठेवी त्याची पेटी घेऊन तो धुक्यात शिरला. कुणी विचारले तेव्हा तो म्हणाला, "आईचं मत आहे त्यात. बुडू देणार नाही."

अलीकडच्या काठाला तेव्हा धक्का नव्हता, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या होत्या. तिथे पक्षाची मोटार घेऊन कॉलमन उभा. वल्ह्यांचा आवाज आला, मग होडी आली, मग फेस्टसने पेटी दोन्ही हातांनी वर उचलली आणि कॉलमन खाली वाकला. पेटीला दोन बाजूंना दोन लोखंडी कड्या होत्या. एक कडी एकाच्या मुठीत, दुसरी दुसऱ्याच्या. खाली लाट होडीला उचलून घेई आणि सोडून देई. वरच्याने नीट धरल्याचे कळल्याशिवाय खालच्याला सोडवेना, आणि खालचा सोडतो आहे हे कळल्याशिवाय वरच्याला ओढवेना. एका शब्दाचे काम होते. दोघांपैकी कुणी तो उच्चारेना. पेटी त्यांच्यामध्ये लोंबकळत राहिली, तिच्यात आई, शेजारी, सगळे बेट घड्या घालून ठेवलेले.

"धरलंय त्यानं," पायऱ्यांवरून डेलिया म्हणाली होती. "सोड."

फेस्टसने सोडले. पेटी वाचली. तिने तेव्हा देवाचे आभार मानले होते की आपण तिथे होतो. पुढे वय वाढले तसा तिला दुसराच विचार छळू लागला: आपण तिथे नसतो तर?

*

"झालं का हो?" पक्षाचा तरुण चिटणीस एमोन कॉलमनच्या खांद्याशी आला. दाढी गुळगुळीत, फोन कानाशी, दुसरा फोन खिशात. "राजधानीतून विचारतायत. टियर्नी वाचतोय ना?"

"बांधतायत अजून."

"तुमचा अंदाज?"

"अंदाज नसतो माझा."

टेबलांवर शेवटचे गठ्ठे बांधले जात होते. टेबलामागे लाकडी खणांची मांडणी होती, प्रत्येक खणावर एका उमेदवाराचे नाव. जसजसा एकेक बाद होई तसतशी त्याची चिठ्ठी काढून खण उचलून नेत, आणि उरलेले खण एकमेकांना येऊन भिडत. सकाळी लावेल आणि टियर्नी ह्या नावांच्या मधे चारचौघे होते. आता मधे कुणी नव्हते. एक दमलेली बाई, सकाळपासून उभी, गठ्ठ्याला रबरबँड घालायची, मागे न बघता हात मागे न्यायची आणि गठ्ठा खणात ठेवायची.

कॉलमनची पेन्सिल थांबली.

डेलियाने ते कानाने टिपले, डोळ्यांनी नंतर. दिवसभर तिच्या डाव्या बाजूला ती पेन्सिल उंदरासारखी कुरतडत होती आणि आता नव्हती. तिने वळून पाहिले. कॉलमन त्या खणांकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, लहानपणी पाढे म्हणताना हलत तसे. मग त्याने एकदा एमोनकडे पाहिले. मग खाली, आपल्या छातीवरच्या पक्षाच्या बिल्ल्याकडे. मग पुन्हा खणाकडे.

"डेलिया," तो अगदी हळू म्हणाला. "त्याला सांग. तिसऱ्या टेबलामागं, टियर्नीच्या—"

तो थांबला, कारण तिने हात वर केला होता.

काय झाले ते तिला क्षणात उमगले. कॉलमनचा चेहरा ती आयुष्यभर वाचत आली होती, उलटा आणि सुलटा. फिडेल्माचा एक गठ्ठा टियर्नीच्या खणात गेला होता. एकाच उशीवर निजलेल्या दोघांत एका गठ्ठ्याने फिडेल्मा घरी जाणार होती. ते फक्त ह्याने पाहिले होते. आणि हा बोलू शकत नव्हता: पक्षाचा मुख्य टॅलीवाला विरोधी उमेदवाराच्या वतीने हरकत घेईल कसा? हरकत फेस्टसने घ्यायची. फेस्टसला ते सांगायचे होते. आणि फेस्टसला सांगायचे म्हणजे, नेहमीप्रमाणे, डेलिया.

तिच्या जिभेवर शब्द आलाही होता. मग तिला शेवाळलेल्या पायऱ्या दिसल्या.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"मी नाही सांगणार. तूच सांग."

"डेलिया, हे तसलं नाही. मीठ दे, खिडकी लाव, असलं नाही हे."

"म्हणून तर."

मंचावर निवडणूक अधिकारी चढत होता. हातात कागद, दुसऱ्या हाताने तो माइकची मान वाकवत होता. त्याने निकाल वाचला की खण बंद, तळाचा माणूस बाद, त्याचे कागद दुसऱ्यांच्या दारी. मग कुणी कितीही ओरडले तरी वाहून गेलेली होडी परत येत नाही.

"वेळ नाही," कॉलमन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मग घालवू नकोस."

हे आपण काय करतो आहोत, असे डेलियाच्या मनात आलेच. पोरीने सगळा वसंत गावोगाव, बंदरोबंदरी घालवला होता; पावसात, रिकाम्या सभागृहांत, चार म्हाताऱ्यांपुढे. ज्या दारातून बापाचे मासे गेले त्याच दारातून आत शिरून हिशेब विचारीन म्हणाली होती. आणि आपण तिचे सगळे दोन हट्टी म्हाताऱ्यांच्या तोंडावर पणाला लावून बसलो आहोत. तिने कठड्याला धरले. तरी ती बोलली नाही.

"कॉलमन?" एमोन म्हणाला. "काय कुजबुज चाललीय?"

माइक खरखरला.

"फेस्टस," कॉलमन म्हणाला.

तो मोठ्याने म्हणाला नव्हता. पण कठड्यावरच्या जुन्या माणसांना तो आवाज ते नाव घेताना ऐकून एक जमाना लोटला होता. पेन्सिली थांबल्या. एकाने तोंडाशी नेलेले सँडविच खाली घेतले.

फेस्टसने मान वळवली नाही. त्याच्या मानेची शीर तेवढी हलली. मग सवयीने, जुन्या वाटेने, तो म्हणाला, "डेलिया, त्याला विचार काय—"

डेलियाने थर्मास उचलला, पिशवी उचलली, आणि दोघांच्या मधून निघून ती मागच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली. हातभर जागा रिकामी झाली. एवढीशी जागा, पण दोघेही तिच्याकडे असे बघत राहिले की जणू जमीनच सरकली.

"कुठं काय?" शेवटी फेस्टस म्हणाला. भावाकडे बघून.

"तिसरं टेबल. टियर्नीचा खण, वरून दुसरा गठ्ठा. वरच्या कागदावर दोनचा आकडा कुठं आहे बघ. टियर्नीचं नाव तळाशी आहे. आकडा मधे आहे, तुझ्या पोरीच्या फोटोपुढं. हरकत घे. हात वर कर आणि ओरड, गाढवा."

फेस्टसने हात वर केला आणि ओरडला. धुक्यात होडीवरून ओरडायची सवय असलेला आवाज होता तो. मंचावर अधिकाऱ्याने कागद खाली घेतला.

*

गठ्ठा सोडला. सगळे कागद फिडेल्माचे निघाले. दमलेली बाई रडू लागली तेव्हा फेस्टसच कठड्यावरून तिला म्हणाला, "अहो, सकाळपासून उभ्या आहात. माणूस जाळं टाकताना होडीबाहेर पडतो, तुमचा तर हातच चुकला." खाण्याची तिसरी फेरी होईपर्यंत पुन्हा मोजणी झाली. टियर्नी बाद झाला.

"कॉलमन," एमोन दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत फोन होते आणि दोन्ही वाजत होते. "तुमच्या छातीवर बिल्ला कुणाचा आहे?"

"पक्षाचा."

"आणि काम कुणाचं केलंत?"

"मोजणीचं. गठ्ठा पुतणीचा म्हणून नाही सांगितला. चुकीच्या खणात होता म्हणून सांगितला."

डेलियाला वाटले, हे अर्धे खरे आहे. पण अर्ध्या खऱ्यावर ह्या घराने इतकी वर्षे काढली होती. अजून एका दुपारने काय बिघडणार होते.

कॉलमनने बिल्ला काढला नाही. फक्त पेन्सिल कानामागून घेतली, तिचे टोक पाहिले आणि ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिली.

शेवटची जागा फिडेल्माला मिळाली नाही. टियर्नीची मते त्याच्या पक्षवाल्यांकडे गेली, काही इकडे तिकडे ओघळली, आणि दक्षिणेकडच्या एका बाईने ती जागा घेतली. मंचावर टाळ्या वाजल्या. फिडेल्मा खाली आली, बूट हातात, डोळे लाल, आणि कॉलमनच्या गालावर ओठ टेकून म्हणाली, "आता विचारत नाही, कितवं दिलंत ते." ती कार्यकर्त्यांबरोबर थांबणार होती, त्यांना कुणीतरी बीअर पाजायला हवी होती.

फेस्टस कठड्यापाशी उभा राहून रिकामी होत चाललेली टेबले बघत होता. "हरली," तो म्हणाला.

"हरली," कॉलमन म्हणाला. "पण मोजून हरली."

फेस्टसने मान हलवली.

*

गाडी कॉलमनची. फेस्टस पुढे बसला, डेलिया मागे. गाव सुटेपर्यंत डेलिया दोघांच्या पाठमोऱ्या मानांकडे बघत राहिली. मग पहिल्या वळणावर फेस्टस म्हणाला, "हा रस्ता फार उतरता केलाय. पाणी शेतात जातं." आणि कॉलमन म्हणाला, "ज्याला मोटार चालवता येत नाही त्यानं रस्त्याला नावं ठेवू नयेत." आणि तिथून सुरू झाले.

बहात्तर साल आले. गवताचा भाव आला. कुठल्या सभेत कोण काय म्हणाले, बापाने मरण्याआधी कुणाच्या बाजूने मान डोलावली, आईने एकोणऐंशीत कुणाला मत दिले. ह्या सगळ्याचे दोघांनाही पक्के ज्ञान होते आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. फेस्टस खिडकीवर मूठ आपटत होता. कॉलमन बोलण्याच्या भरात एका फाट्याला चुकला आणि त्याचे खापर फेस्टसवर फोडले. एकाचे वाक्य दुसऱ्याने तोडावे, तोडलेले तिसऱ्याच विषयाला जाऊन लागावे. डेलिया मागे डोके टेकून बसली होती. इतक्या वर्षांत हे भांडण तिने दोन तुकड्यांत वाहून नेले होते, एक तुकडा इकडून, एक तिकडून. अखंड भांडण तिने आज प्रथम ऐकले. किती लांबलचक होते ते, आणि किती जुने, आणि त्यात बाप होता, आई होती, पायऱ्यांवरचे शेवाळ होते. तिला वाटले, ह्यांनी माझ्याकडे फक्त टरफले दिली होती.

कधीतरी तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा गाडी धक्क्यावर उभी होती आणि जूनचा संध्याप्रकाश पाण्यावर अजून जागा होता. पलीकडे इनिशदारा, निळसर, पाठ करून बसलेल्या गाईसारखे. फेस्टस होडीत उतरला होता आणि दोर सोडत होता. कॉलमन वर उभा, लग्नाकार्याच्या बुटांत.

"येतोस?" फेस्टसने विचारले, दोराकडे बघत.

"ह्या बुटांत?"

"पायऱ्या नाहीत आता. तुझ्या युरोपचा धक्का आहे, घसरत नाही."

कॉलमनने मागे वळून डेलियाकडे पाहिले. जुन्या सवयीने, काय उत्तर द्यायचे ते तिने पोचवावे म्हणून. डेलिया पिशवीतली किल्ली शोधत राहिली. मग बूट काढून हातात घेतलेला, निळ्या सुटातला तिचा थोरला भाऊ धक्क्याच्या कडेला बसला, आणि खालून एक हात वर आला.

होडी सुटली. इंजिनाच्या आवाजावरून त्यांचे आवाज येत राहिले, एक चढा, एक खर्जातला. शब्द मात्र वाऱ्याने मधल्या मधे काढून घेतले होते. डेलिया नकळत दोन पावले पुढे गेली आणि कान देऊन उभी राहिली. बत्तीस वर्षांची सवय. मग तिच्या ध्यानात आले की हे ऐकून कुणाला सांगायचे नाही.

ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, हात रिकामे, ताऱ्यांच्या निळ्या पाटीखाली. मग दुकानाचे कुलूप काढायला वळली.